जुना आकडा परत येतो कुठून? सी, सी++ आणि जावा शिकणाऱ्यांचे प्रश्न

यावेळची बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत, व्हेरिएबलमध्ये भलताच आकडा दिसणं आणि लूप पुन्हा सुरू केला की सगळा गोंधळ होणं. कोड मी इथे वर्गात वाचून दाखवतो तसा शब्दांत लिहितोय, तुम्ही टाईप करताना नेहमीसारखा इंग्रजी अक्षरांतच करा.

प्रश्न: सर, मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, गाव देवगड. बाबांसाठी सी मध्ये आंब्याच्या पेट्यांच्या हिशोबाचा प्रोग्राम केलाय. एकेका पेटीचा भाव टाकत जायचं, शून्य टाकलं की त्या दिवसाची टोटल येते, मग "पुढचा दिवस?" असं विचारतो आणि १ दाबलं की परत पहिल्यापासून. पहिल्या दिवसाची टोटल बरोबर येते, दुसऱ्या दिवसाची मात्र जास्तच येते. भाऊ म्हणाला मेनला, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनला, मेनमधूनच परत कॉल कर, तसं केलं तर बरोबर आलं! पण मैत्रीण म्हणते असं करायचं नसतं. का नसतं?

उत्तर: तू पाठवलेला प्रोग्राम मी कागदावर चालवून बघितला. पहिल्या दिवशी १२००, १५००, ९००, टोटल ३६००, बरोबर. दुसऱ्या दिवशी १००० आणि ११००, म्हणजे २१०० यायला हवेत आणि तुझ्याकडे येतायत ५७००. आता ५७०० मधून २१०० वजा कर, कालचे ३६०० तसेच्या तसे सापडतील. म्हणजे बेरीज चुकत नाहीये, कालची पाटी काट्यावरून उतरवलीच नाहीये आणि त्याच्यावरच तू आजची पाटी ठेवलीस.

व्हेरिएबल म्हणजे मेमरीतली एक जागा, तिथे शेवटचं जे ठेवलं ते दुसरं काही ठेवेपर्यंत तसंच राहतं. लूप परत वर जातो तेव्हा फक्त लूपच्या कंसातल्या ओळी परत चालतात, व्हेरिएबल काही आपोआप कोरं होत नाही. तू "टोटल बरोबर शून्य" ही ओळ मेनच्या अगदी सुरुवातीला लिहिलीयस, दोन्ही लूपच्या बाहेर, त्यामुळे ती आख्ख्या प्रोग्राममध्ये एकदाच चालते. ती उचल आणि बाहेरच्या लूपचा, म्हणजे "पुढचा दिवस"वाल्या लूपचा कंस उघडला की लगेच खाली ठेव. बस, एवढंच.

पण उचलताना दोन चुका होतात त्या आत्ताच सांगून ठेवतो. एक म्हणजे ती ओळ चुकून आतल्या लूपमध्ये, भाव विचारतो त्या लूपमध्ये जाते, मग प्रत्येक पेटीला टोटल शून्य होते आणि दिवसाच्या शेवटी शेवटच्या पेटीचा भाव तेवढा उरतो (शून्यावर थांबायची तपासणी या ओळीच्या आधी असेल तर, नंतर असेल तर तोही उरत नाही). दुसरी चूक जास्त त्रास देते. ओळ कॉपी करताना पुढचं "इंट" (पूर्णांकाचं व्हेरिएबल तयार करणारा शब्द) पण सोबत येतं, म्हणजे वर एक "इंट टोटल" आहेच आणि कंसाच्या आत अजून एक "इंट टोटल". कंपायलर एरर देत नाही कारण सी मध्ये हे चालतं, आतल्या कंसात त्याच नावाचं एक नवं, वेगळं व्हेरिएबल तयार होतं आणि कंस बंद झाला की ते संपतं. बेरीज होते आतल्या टोटलमध्ये, आणि प्रिंटची ओळ कंसाच्या बाहेर असेल तर ती छापते बाहेरची टोटल, म्हणजे शून्य. मुलं तास तास बेरजेची ओळ तपासत बसतात आणि चूक असते त्या तीन अक्षरी "इंट"मध्ये. म्हणून लक्षात ठेव, "इंट" लिहिलं की नवी जागा मागितली, "इंट" न लिहिता नाव आणि बरोबर लिहिलं की आहे त्याच जागेत नवा आकडा ठेवला.

आता भावाची युक्ती. मेनला परत कॉल केलं की मेनची सगळी व्हेरिएबलं नव्याने तयार होतात, त्यातली टोटल शून्यापासून सुरू होते, म्हणून उत्तर बरोबर आलं. पण आधीचं मेन संपलेलंच नसतं, ते आपली सगळी व्हेरिएबलं घेऊन स्टॅकवर, म्हणजे अर्धवट राहिलेल्या फंक्शनांसाठीच्या मेमरीत, थांबून राहतं. तूच करून बघ, कॉलच्या खाली, १ दाबलंय का ते तपासणाऱ्या इफच्या कंसाबाहेर, "हिशोब संपला" असं छापणारी एक ओळ टाक, तीनदा "पुढचा दिवस" कर आणि मग थांब, ती ओळ चार वेळा छापली जाईल, कारण चार मेन एकामागोमाग एक परत येतात. सी मध्ये मेनला असं कॉल करायला परवानगी आहे, सी++ मध्ये भाषेच्या नियमानेच बंदी आहे. पुढे तू सी++ शिकणारच, तेव्हा ही सवय आत्ताच सोड. भावाचा हेतू चांगला होता, रोजचा हिशोब कोऱ्या पाटीने सुरू व्हावा हे त्याला बरोबर कळलेलं, फक्त ते काम एका ओळीचं आहे.

प्रश्न: मी हर्णैची. आमच्याकडे संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव होतो, त्याच्या बोलीचा छोटा प्रोग्राम केला. शेवटी "परत करायचं? वाय किंवा एन" असं विचारते. तर तो उत्तराची वाटच बघत नाही, सरळ बंद होतो. मग मैत्रिणीने कंडिशन बदलून दिली, आता तो कधीच बंद होत नाही, एन दाबलं तरी!

उत्तर: या तुझ्या दोन वेगवेगळ्या चुका आहेत. आधी पहिली.

तू बोलीची रक्कम टाकतेस, समज ५०० आणि एंटर. कीबोर्डवरून प्रोग्रामकडे गेल्या चार गोष्टी, पाच, शून्य, शून्य आणि एंटर. स्कॅनएफ म्हणजे कीबोर्डवरचं वाचणारं फंक्शन, टक्का-डी दिलं की ते पूर्णांक वाचतं आणि टक्का-सी दिलं की एक अक्षर. टक्का-डी वाल्या स्कॅनएफने आकडे उचलले आणि एंटर तिथेच रांगेत राहिला. पुढे टक्का-सी वाला स्कॅनएफ आला, त्याला कुठलंही एक अक्षर चालतं, एंटरसुद्धा, त्याने तोच उचलला. आता तुझ्या उत्तराच्या व्हेरिएबलमध्ये एंटर आहे, वाय नाही, म्हणून लूप संपला. टक्का-डी पुढची मोकळी जागा आणि एंटर आपणहून वगळतो, टक्का-सी वगळत नाही, एवढाच फरक. उपाय म्हणजे अवतरण चिन्हात टक्का-सीच्या आधी एक स्पेस दे. ती स्पेस सांगते की आधी जे काही रिकामं पडलंय ते सोड, मग अक्षर घे.

दुसरी चूक मैत्रिणीच्या कंडिशनमध्ये. तिने लिहिलंय "उत्तर छोटा एन नसेल किंवा उत्तर मोठा एन नसेल तोपर्यंत फिर". ऐकायला बरोबर वाटतं ना? पण पाटीतला एक मासा घे आणि विचार, हा बांगडा नाही किंवा हा सुरमई नाही. बांगडा असला तर तो सुरमई नाही, वाक्य खरं. सुरमई असली तर ती बांगडा नाही, वाक्य परत खरं. पापलेट असला तरी खरंच. हे वाक्य खोटं पडायला एकच मासा एकाच वेळी बांगडा आणि सुरमई दोन्ही असायला लागेल. तुझा लूप त्या माशाची वाट बघत फिरतोय. तिथे "किंवा"च्या जागी "आणि" हवंय, दोन उभ्या रेघा काढून दोन अँपरसँड टाक.

आणि अजून एक, कारण पुढच्याच पायरीला तू इथे अडकशील. उत्तराचं व्हेरिएबल डू-व्हाईलच्या कंसाच्या आत डिक्लेअर करू नकोस. व्हाईलची कंडिशन कंस बंद झाल्यानंतर येते, तिथपर्यंत ते व्हेरिएबल संपलेलं असतं आणि कंपायलर म्हणतो असं काही डिक्लेअरच केलेलं नाही. डू च्या वर डिक्लेअर कर.

प्रश्न: मी निवृत्त आहे, वय ६१, गुहागर. नातवाच्या लॅपटॉपवर सी शिकतो आहे. प्रत्येक पेटीत किती डझन आंबा भरला ते विचारणारा व्हाईल लूप लिहिला. ४, ५ असं टाकलं की नीट चालतो, पण साडेचार डझनची पेटी आली म्हणून ४.५ टाकलं आणि स्क्रीन वेड्यासारखी पळू लागली. लॅपटॉप बिघडला का हो?

उत्तर: काका, लॅपटॉप अगदी ठीक आहे, आणि या वयात तुम्ही हे करताय याचं मला फार कौतुक वाटतं.

तुमच्या स्कॅनएफला पूर्णांक हवाय. त्याने ४ उचलला, टिंब दिसलं, ते पूर्णांकात बसत नाही म्हणून तिथेच थांबला. रांगेत उरलं टिंब आणि ५. लूप परत वर गेला, स्कॅनएफने बघितलं तर समोर टिंब, आकडा नाही, म्हणून काहीच न उचलता तो परत फिरला. तुमच्या व्हेरिएबलमध्ये आधीचा ४ तसाच राहिला. लूप परत वर, टिंब परत समोर. हे असं सेकंदाला हजारो वेळा चालतं आणि कीबोर्डवरून नवीन काही मागायची वेळच येत नाही. एखाद्याने आकड्याऐवजी चुकून अक्षर दाबलं तरी हेच होतं. कंट्रोल आणि सी एकत्र दाबा, थांबेल.

आता कायमचा उपाय. स्कॅनएफ स्वतः एक आकडा परत देतो, किती गोष्टी नीट वाचल्या त्याचा. तुम्ही एक मागताय तर १ यायला हवा. तो एका इंटमध्ये पकडा आणि १ नसेल तर गेटचार वापरून एंटर येईपर्यंत एकेक अक्षर काढून टाका, मग "परत टाका" असं सांगा. पुष्कळ नोट्समध्ये यासाठी एफफ्लश स्टडइन लिहिलेलं असतं, काही कंपायलरवर ते चालतंही, पण भाषेच्या नियमात त्याचा भरवसा दिलेला नाही, म्हणून मी ते शिकवत नाही. तुमच्या हिशोबासाठी तर अजून सोपं करता येईल, डझन विचारूच नका, नग विचारा. साडेचार डझन म्हणजे ५४ नग, अपूर्णांकाचा प्रश्नच मिटला.

प्रश्न: सर, माझो लूप थांबणाच नाय. आय हे व्हेरिएबल पाचपेक्षा लहान असेपर्यंत फिर असं लिहिलंय, आत आय वाढवतो पण आहे, तरी स्क्रीन काळीच. मालवण.

उत्तर: व्हाईलचा गोल कंस बंद झाल्यावर लगेच अर्धविराम दिलायस तो काढ. त्याच्यामुळे लूपचं अंग तिथेच संपलं, आय वाढवणारी ओळ लूपच्या बाहेर पडली. तो गेला की एकदा कंटिन्यू (उरलेल्या ओळी सोडून लूपच्या पुढच्या फेरीला नेणारी आज्ञा) पण तपास, कारण आय वाढवायच्या आधी कंटिन्यू असेल तर व्हाईल लूपमध्ये आय वाढतच नाही. फॉर लूपमध्ये वाढतो, कारण तिथे वाढवणं वरच्या कंसातच लिहिलेलं असतं.

प्रश्न: रत्नागिरी. कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी आहे. २६००० आणि १२००० ची बेरीज उणे २७५३६ येते. घरी मोबाईलवर तोच प्रोग्राम ३८००० दाखवतो. लॅबचे कॉम्प्युटर जुने झालेत म्हणून का?

उत्तर: कॉम्प्युटर नाही, कंपायलर जुना आहे. टर्बो सी १९८७ सालचा, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या काळातला, त्याचा इंट दोन बाईटचा, म्हणजे जास्तीत जास्त ३२७६७. त्याच्यापुढे गेलास की इथे आकडा फिरून उणे बाजूने येतो, ३८००० मधून ६५५३६ वजा करून बघ, तुझं उत्तर मिळेल. मोबाईलवरच्या कंपायलरचा इंट चार बाईटचा आहे, तो २१४ कोटींच्या वर जातो. लॅबमध्ये इंटच्या जागी लाँग वापर आणि छापताना टक्का-डी नाही, टक्का-एल-डी. हे दुसरं विसरलास तर बेरीज बरोबर होऊनही छापताना चुकेल.

प्रश्न: सी मध्ये टोटलला शून्य दिलं नाही तरी प्रोग्राम चालतो, कधी कधी उत्तरही बरोबर येतं. तेच जावामध्ये लिहिलं तर कंपाईलच होत नाही. जावा उगाच कडक आहे का? वेंगुर्ला.

उत्तर: उगाच नाही. सी १९७२ च्या आसपास डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये केली, तेव्हा मेमरी थोडी आणि यंत्रं हळू, न सांगितलेलं काम यंत्राने करू नये हा विचार त्यात दिसतो. म्हणून फंक्शनच्या आतल्या साध्या व्हेरिएबलला तू काही दिलं नाहीस तर तिथे आधीचं जे पडलेलं असेल तेच मिळतं. सगळ्या फंक्शनच्या बाहेर लिहिलेली किंवा स्टॅटिक म्हटलेली व्हेरिएबलं मात्र शून्यापासून सुरू होतात. तुझं उत्तर कधी कधी बरोबर आलं कारण तिथे नशिबाने शून्य पडलेला होता, आणि हेच मला जास्त घातक वाटतं, कारण घरी चालतं आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी सरांसमोर चालत नाही. जावा १९९५ मध्ये बाहेर आली, तिने नियमच केला की फंक्शनच्या आतलं व्हेरिएबल वापरण्याआधी त्यात काहीतरी ठेवलंय हे कंपायलरला दिसायला हवं. सी शार्पमध्येही तसंच. सी मध्ये कंपायलरचे इशारे चालू ठेव, जीसीसी या कंपायलरला वजा डब्ल्यू-ऑल हा पर्याय दिलास तर यातल्या बऱ्याच चुका तो सांगतो.

देवगडच्या मुलीला अजून एक सांगायचं राहिलं, आणि खरं तर ते सगळ्यांनाच उपयोगी आहे. एका वहीच्या पानावर उभे रकाने पाड, प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना, भाव, टोटल, उत्तर. मग प्रोग्रामची एकेक ओळ बोटाखाली धर आणि ज्या ओळीने ज्या रकान्यातला आकडा बदलतो तिथे जुना खोडून नवा लिही. ओळीत "बरोबर" नसेल, स्कॅनएफ नसेल किंवा वाढवणारी दोन अधिक चिन्हं नसतील तर रकान्याला हात लावायचा नाही, मनात कितीही वाटलं की इथे तर शून्य व्हायला हवं, तरी नाही. बाहेरच्या लूपची दुसरी फेरी सुरू होताना टोटलच्या रकान्यात ३६०० न खोडलेले दिसतील. पावसात लाईट गेली की हा अभ्यास कंदिलाच्या उजेडातही होतो, आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तो प्रोग्राम टाईप करायला दहा मिनिटं पुरतात. ते पान मला पाठव.