८ जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर हलके लिनक्स होस्ट म्हणून वापरावे की गेस्ट म्हणून?

चार कोअर आणि ८ जीबी रॅम असलेल्या जुन्या डेस्कटॉपवर आपल्याला चार व्हर्च्युअल मशीन चालवायच्या आहेत आणि हलक्या लिनक्सचा फायदा होस्टवर (प्रत्यक्ष यंत्रावरच्या मुख्य प्रणालीत) जास्त की गेस्टमध्ये (व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या प्रणालीत), असे आपण विचारले आहे. माझ्या घरी साधारण अशाच यंत्रावर अल्पाइन लिनक्स हे हलके वितरण दोन्हीकडे चालते. तरीही एकच जागा निवडायची झाली तर मी गेस्टची निवडेन. होस्टवर वाचवलेली २०० एमबी मेमरी एकदाच वाचते. तेवढीच बचत गेस्टमध्ये केली तर ती चार वेळा पदरात पडते.

अल्पाइनमध्ये नेहमीच्या ग्लिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी (जवळपास सगळे प्रोग्राम ज्यावर विसंबतात तो मूलभूत कोड), मूलभूत आज्ञांसाठी बिझीबॉक्स आणि सेवा सुरू करण्यासाठी सिस्टीमडीऐवजी ओपनआरसी असते, त्यामुळे डिस्कवरची किमान मांडणी सुमारे १३० एमबीत बसते. गेस्टसाठी त्यांची ‘व्हर्ट’ नावाची वेगळी आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करण्याची फाइल, मिळते. तिच्यातल्या कर्नलमधून (प्रणालीच्या गाभ्यातून) खऱ्या हार्डवेअरचे बरेच ड्रायव्हर वगळलेले असतात, म्हणून ती होस्टवर टाकू नये. तिथे ‘एलटीएस’ (दीर्घकाळ सांभाळला जाणारा) कर्नलच घ्यावा. डीएनएस किंवा लहानशा वेब सर्व्हरच्या गेस्टला मी २५६ एमबी रॅम देतो आणि आजवर ती पुरली आहे. मात्र ग्लिबसीसाठी बांधलेला, स्रोत उपलब्ध नसलेला एखादा प्रोग्राम चालवायचा असेल तर मसलशी झगडत बसू नये. तेवढ्या एका गेस्टमध्ये डेबियन टाकावे आणि मोकळे व्हावे.

होस्टच्या बाबतीत वितरणाच्या नावाने वेगात फारसा फरक पडत नाही, कारण व्हर्च्युअल मशीन चालवण्याचे प्रत्यक्ष काम करणारे केव्हीएम २००७ साली आलेल्या २.६.२० या आवृत्तीपासून लिनक्स कर्नलचाच भाग आहे. प्रोसेसरच्या माहितीत इंटेलसाठी ‘व्हीएमएक्स’ किंवा एएमडीसाठी ‘एसव्हीएम’ ही खूण दिसते का, ते आधी पाहावे. जुन्या यंत्रांवर प्रोसेसरमधली व्हर्च्युअल मशीनसाठीची ही सोय पुष्कळदा बायोसमध्ये बंद असते, आणि ती बंद असताना गेस्टचे यंत्र उभे करणारा क्यूईएमयू हा प्रोग्राम सगळे काम सॉफ्टवेअरने करत राहते व आपण उगाच लिनक्सला जड म्हणतो. होस्टवर डेस्कटॉप अजिबात टाकू नये. व्हर्च्युअल मशीन सांभाळणारा व्हर्ट-मॅनेजर हा खिडकीतला प्रोग्राम दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवून एसएसएच या सुरक्षित जोडणीमार्गे होस्टशी जोडता येतो. खरी बचत इथेच होते.

अल्पाइनची ‘डिस्कलेस’ पद्धत होस्टसाठी फार मोहक वाटते: सगळी प्रणाली पेनड्राइव्हवरून रॅममध्ये चढते आणि डिस्क पूर्णपणे गेस्टच्या इमेजसाठी मोकळी राहते. मीही तसेच केले होते. दोन नव्या मशीन तयार केल्या, त्या दिवसभर चालल्या, रात्री वीज गेली आणि परत आल्यावर पाहतो तर मशीनची यादीच रिकामी. इमेज वेगळ्या डिस्कवर असल्यामुळे शाबूत होत्या. पण मशीनच्या व्याख्या, म्हणजे त्यांच्या सेटिंग, लिबव्हर्ट ही मशीन सांभाळणारी सेवा ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये ठेवते, ते फोल्डर रॅममध्ये होते, आणि बदल पेनड्राइव्हवर उतरवणारी ‘एलबीयू कमिट’ ही आज्ञा मी दिलीच नव्हती. चूक सर्वस्वी माझी. शिवाय ही आज्ञा मुळात ‘ईटीसी’पुरतीच पाहते. यूईएफआयने (बायोसच्या नव्या पर्यायाने) सुरू होणाऱ्या गेस्टची एनव्हीरॅम फाइल, म्हणजे त्याच्या बूट सेटिंगची फाइल, ‘व्हार’ फोल्डरमध्ये राहते, म्हणून ते ठिकाण एलबीयूच्या यादीत हाताने घालावे लागते. हा व्याप नको असेल तर होस्टही सरळ डिस्कवरच टाकावा. ८ जीबीच्या यंत्रावर तर मी तोच सल्ला देईन, कारण डिस्कलेस प्रणाली जी रॅम अडवते, तीच तर आपल्याला वाचवायची आहे.

रॅमचा विषय निघालाच आहे तर, गेस्टच्या डिस्कसाठी होस्टवरचे कॅशे (वाचलेला मजकूर रॅममध्ये साठवणे) ‘नन’ ठेवावे, म्हणजे एकच मजकूर गेस्टच्या आणि होस्टच्या अशा दोन्ही कॅशेत साठत नाही. डिस्क आणि नेटवर्क दोन्हींना व्हर्टआयओ, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेले ड्रायव्हर, निवडावे. सुमारे १ जीबी रॅम होस्टसाठी राखून उरलेली गेस्टमध्ये वाटावी.

शेवटचा मुद्दा नेटवर्कचा. हा डेस्कटॉप वायफायवर असेल तर गेस्टना घरच्या नेटवर्कमध्ये थेट आणणारा ब्रिज बहुधा चालणार नाही, कारण जोडणी करताना नोंदलेल्या मॅक पत्त्याखेरीज (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाखेरीज) इतर पत्त्यांच्या फ्रेम (डेटाचे तुकडे) ॲक्सेस पॉइंट सहसा स्वीकारत नाही. मी यात एक पूर्ण रविवार घालवला होता. लिबव्हर्टचे मूळचे नॅट नेटवर्क, म्हणजे १९२.१६८.१२२ या मालिकेतले, ज्यात गेस्ट होस्टच्याच पत्त्याआडून बाहेर बोलतात, वायफायवरही चालते. फक्त घरातल्या इतर उपकरणांना त्या गेस्टपर्यंत पोहोचायचे असेल तर होस्टवर पोर्ट वळवावे लागतात. राउटरपर्यंत केबल ओढता येत असेल तर आधी ती ओढावी आणि मग ब्रिज करावा.