गुलाबी पेपर आणि घरची उधारी

प्रश्न : सर, मी इचलकरंजीची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅट दिली आणि एमबीएसाठी दोन कॉलेजांचं मुलाखतीचं बोलावणं आलंय. बिझनेस, चालू घडामोडी वाचत जा असं जो तो सांगतो, म्हणून अकरा टेलिग्राम चॅनेल जॉइन केलीत. रोज पेपरांच्या पीडीएफ येऊन पडतात, फोन भरला, वाचन शून्य. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे एका इंग्रजी अग्रलेखाला तास जातो. लीडरशिपची दोन पुस्तकं आणली, चाळीस पानांपुढे गेले नाही. क्लासच्या सराव मुलाखतीत रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) बरोबर सांगितला. मग विचारलं, वडील काय करतात? म्हटलं, खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारे, बारा माग आहेत. "४५ दिवसांच्या नियमाने तुमच्याकडे काय बदललं?" मी गप्प बसले. नक्की काय वाचू? (नाव छापू नका.)

उत्तर : नाव छापत नाही. चॅनेलं मात्र आजच काढ, अकराच्या अकरा. त्या पीडीएफ बहुतेक चोरीच्या असतात हा एक भाग झाला. दुसरा भाग मी स्वतः भोगलाय. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दोन गुलाबी, म्हणजे अर्थविषयक इंग्रजी पेपर लावले होते. घडीसुद्धा न मोडता ते कॉटखाली जायचे, आणि "आपण वाचतो" असं समाधान वाटायचं. शेवटी रद्दीवाल्याने नेले. गुलाबी कागदाला त्याने जास्त भाव काही दिला नाही.

आता त्या सराव मुलाखतीकडे ये. रेपो दर हॉलबाहेर बसलेल्या सगळ्यांना पाठ असतो. तुला विचारलेला दुसरा प्रश्न फक्त तुलाच विचारता आला असता, आणि तोच तुझ्या हातून सुटला. म्हणून वाचनाची सुरुवात तिथूनच कर.

४५ दिवसांचा नियम म्हणजे काय? २०२३च्या वित्त कायद्याने तेव्हाच्या आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घातलं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्याला त्या वर्षी वजा करून मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. मुदत किती, ते २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. बातमीच्या मथळ्यात "४५ दिवस" एवढंच आलं आणि १५चा आकडा बहुतेकांच्या नजरेतून निसटला. तुमच्याकडे सूत व्यापाऱ्याचं, माग तुमचे, मजुरी बिलावर. मग लेखी करार आहे का? उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी केलेली नोंद, आहे का? हा नियम लहान उद्योगाच्या भल्यासाठी आला, पण व्यापारी नोंदणी नसलेल्याकडे किंवा मोठ्याकडे वळतील, अशी ओरड कापडधंद्यातूनच झाली. तुमच्याकडे तसं झालं की मजुरी खरंच लवकर यायला लागली, हे कुठल्याही पेपरात सापडणार नाही. ते वडिलांना विचारावं लागेल.

पुढचा धागाही घरातूनच निघतो. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क तात्पुरतं उठवलं. गिरणीवाल्याला कापूस स्वस्त मिळावा हा हेतू. विदर्भातल्या शेतकऱ्याने त्यावर काय म्हटलं असेल, ते तुला सांगायला नको. सुताचा भाव, शेतकऱ्याचा भाव आणि तुमची मजुरी या तिन्ही गोष्टी एका निर्णयाला बांधलेल्या आहेत. असा एक विषय घेऊन पंधरा दिवस त्याच्याच मागे राहा. रोज नवा विषय नको.

इंग्रजीचं म्हणशील तर बातमी आधी मराठी पेपरात पूर्ण वाच आणि मग तीच इंग्रजीत वाच. अर्थ आधीच माहीत असल्याने शब्द आपोआप उलगडतात, डिक्शनरी दहा वेळा उघडावी लागत नाही. अग्रलेख सध्या बाजूला ठेव. त्यापेक्षा मूळ कागद वाच. पत्र सूचना कार्यालयाची, म्हणजे केंद्र सरकारच्या प्रसिद्धी खात्याची, पत्रकं मराठीतही निघतात. रिझर्व्ह बँकेच्या, रेपो दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीची बैठक झाली की चौदाव्या दिवशी इतिवृत्त जाहीर होतं, त्यात सहा सदस्यांपैकी कोणी काय मत दिलं आणि का, ते असतं. जून आणि ऑगस्ट २०२४मध्ये चार विरुद्ध दोन असा कौल होता. आशिमा गोयल आणि जयंत वर्मा यांना दर पाव टक्क्याने कमी करायचा होता. त्या दोघांची निवेदनं वाच. दर पाठ असणं आणि दरावरचं भांडण माहीत असणं यातला फरक पॅनेलला दोन मिनिटांत कळतो.

लीडरशिपच्या पुस्तकांबद्दल माझं मत तिखट आहे, सोसून घे. जिंकलेल्या माणसाचे सगळेच निर्णय नंतर शहाणपणाचे दिसू लागतात. चाळीस पानांवर थांबलीस त्यात तुझं काही चुकलं नाही. त्याऐवजी 'सत्यम' या हैदराबादच्या आयटी कंपनीचं प्रकरण घे. चोख कारभाराचा पुरस्कार मिळवलेली ही कंपनी. ७ जानेवारी २००९ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहिलं की ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये मुळात नाहीतच. पत्र छोटं आहे, नेटवर मिळतं. ऑडिटच्या पेपरला बँकेकडून शिलकेची खातरजमा कशी करतात ते घोकलं असशील. तिथे ठेवींचे कागदच बनावट होते. पत्रावर मात्र थांबू नकोस. त्यानंतर सरकारने नेमलेल्या मंडळात आयटी उद्योगाच्या 'नॅसकॉम' या संघटनेचे माजी अध्यक्ष किरण कर्णिक, एचडीएफसीचे दीपक पारेख अशी माणसं होती. हिशेबच खोटे ठरलेली कंपनी, हजारो लोकांचे पगार, काढता पाय घेऊ पाहणारे ग्राहक, आणि एप्रिलमध्ये लिलाव होऊन कंपनी टेक महिंद्राकडे. तुला नेतृत्वावर बोलायचंय ना? त्या तीन महिन्यांवर बोल.

वेळ रोज चाळीस मिनिटं पुरे. वाचून झालं की वहीत पाच ओळी मराठीतच लिही. काय झालं, कोणाचा फायदा, कोणाचा तोटा, मला काय वाटतं, आणि काय कळलं नाही. पाचवी ओळ रिकामी राहिली तर घाईत वाचलंस असं समज.

आज रात्री जेवताना वडिलांना विचार की उद्यम नोंदणीचा कागद कुठे आहे आणि सगळ्यात जुनं थकलेलं बिल किती दिवसांचं आहे. "तुला कशाला पाहिजे?" असं म्हणतील. बिलबुक घेऊनच बस, आणि २०२४च्या एप्रिलच्या आधीची आणि नंतरची वीस-वीस बिलं काढून पैसे कितव्या दिवशी आले ते लिहून काढ. आकडे मला पाठव, मुलाखतीत ते कसे मांडायचे ते पुढच्या पत्रात बघू.