साथीचा पियानो: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: वेल्सचे ल्लीर विल्यम्स बेथोव्हन एकट्याने वाजवतात आणि गायकांना साथही करतात. एकल वादन ज्याला जमत नाही तो साथीला बसतो, असं ऐकलं होतं. (पुणे)

ऐकलंत ते चुकीचं. विल्यम्स यांचा जन्म १९७६चा, उत्तर वेल्समधल्या रेक्सहॅमजवळचा. ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात संगीताची पदवी घेऊन ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकले. लंडनच्याच विगमोर हॉलमध्ये त्यांनी बेथोव्हनच्या सगळ्या, म्हणजे ३२ पियानो-सोनाटा वाजवल्या, आणि कार्डिफच्या ‘सिंगर ऑफ द वर्ल्ड’ स्पर्धेचे ते अधिकृत साथीदारही होते. १९८३मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेच्या मुख्य फेऱ्यांत ऑर्केस्ट्रा असतो. गीतांच्या वेगळ्या पारितोषिकासाठी मात्र पियानो एकटाच. समोर अनोळखी गायक, जर्मन-फ्रेंच-रशियन गाणी आणि तालमीला मोजका वेळ. कच्च्या हाताचं हे काम नव्हे.

प्रश्न: शूबर्टच्या ‘एर्लक्योनिग’ (भुतांचा राजा) या गाण्यात दुसऱ्या पानापर्यंतच माझा उजवा हात आखडतो. घरी अपराइट (उभा) पियानो आहे. (ठाणे)

निम्मा दोष त्या अपराइटचाच. या गाण्याची छापील लय मिनिटाला १५२ मात्रांची, प्रत्येक मात्रेत तीन ठोके. म्हणजे मिनिटाला ४५६, तेही बहुतेक ऑक्टेव्हमध्ये, म्हणजे एकच सूर दोन सप्तकांत एकदम. ग्रँड (आडव्या) पियानोची पट्टी अर्धी वर आली की पुन्हा वाजते, अपराइटची जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. ती येण्याआधीच दाबली तर सूर गळतो, आणि गळालेला सूर भरून काढायला आपण जोर लावतो. आखडणं तिथूनच सुरू होतं. घरी ९२पासून सुरुवात करा, चार-चारने वाढवा. अपराइटवर पूर्ण लयीचा हट्ट नको, ती ग्रँडवरच तपासा. बोटं पट्टीवरून उचलू नका. मनगट पहिल्या मात्रेला खाली सोडा आणि उरलेल्या तीन मात्रांत हळूहळू वर येऊ द्या. डावा हात रिकामा असेल तिथे खालचा सूर त्याने घेतला तरी चालतं, श्रोत्यांना कळत नाही. भुतांचा राजा पहिल्यांदा बोलतो तिथे साथीचा घाट बदलतो. तीच विश्रांतीची जागा, तिथे मनगट सैल सोडलं नाही तर शेवट गाठता येत नाही. एवढं करूनही दुखत असेल तर थांबा. तीनऐवजी दोन ठोक्यांची सोपी आवृत्ती खुद्द शूबर्टचीच आहे, ती वाजवण्यात कमीपणा नाही.

गायकाला गाणं खालच्या सुरात हवं असेल तर ई मायनर हाताला सोयीची. एफ शार्प मायनर घेतलात तर तोच ठोका अरुंद काळ्या पट्टीवर येतो आणि अंगठा घसरतो.

प्रश्न: गायिका आणि मी दरवेळी पहिल्याच शब्दाला पुढेमागे होतो. (नाशिक)

तुम्ही तिच्या व्यंजनावर वाजवता आहात. मात्रा स्वरावर पडते. जर्मन ‘श्टिल’मधला ‘श्ट’ मात्रेच्या आधी संपतो, तुमचा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) ‘इ’बरोबर यायला हवा. गाण्याचे शब्द स्वतः मोठ्याने, लयीत म्हणून पाहा. दोन दिवसांत फरक कळतो. तिच्या ओठांकडे पाहून उपयोग नाही, श्वास घेताना बरगड्या फुलतात तिकडे लक्ष ठेवा.

आवाज दबेल म्हणून झाकण बंद करू नका. बंद झाकणाखाली स्वतःचं नीट ऐकू येत नाही, मग हात जड पडतो. झाकण उघडं ठेवा आणि खर्जाचे सूर, विशेषतः पेडल, आवरा.

प्रश्न: मुलगी पियानोची आठवी ग्रेड देते आहे. तिला साथीचंच शिकायचं आहे. (मडगाव)

रॉयल अकॅडमीत पदव्युत्तर पातळीवर साथीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. कार्डिफच्या रॉयल वेल्श कॉलेजचीही चौकशी करा. तोवर तीन गोष्टी रोज: न पाहिलेलं एक पान न थांबता वाजवणं (सूर चुकला तरी चालेल, लय सुटता कामा नये), सोपं गाणं एक सूर वर-खाली करून वाजवणं, आणि ऑपेराच्या पियानो-प्रतीतून (ऑर्केस्ट्राचं संगीत पियानोसाठी उतरवलेली प्रत) खर्ज व मुख्य कॉर्ड राखून बाकीचं गाळणं. गोव्यात परीक्षांच्या हंगामात व्हायोलिन-बासरीच्या मुलांना साथीदार लागतोच, परीक्षक साथ करत नाहीत. तिथून सुरुवात करू द्या. फक्त मानधन आणि तालमी किती, हे आधी ठरवून घ्या.