किक आणि बेसची जागा आधी ठरव

मित्रा, तुझा टेक्नो ट्रॅक ऐकला. किक (ड्रमचा खालचा ठोका) आणि बेस (खालच्या सुरांचा भाग) दोघंही 55 हर्ट्झच्या आसपास ठाण मांडून बसलेत, म्हणून खाली नुसता गदारोळ होतोय. तळ कोणाचा ते आधी ठरव. मी तो किकला देतो: बेसला तिथे ईक्यूने (आवाजाचे ठरावीक पट्टे कमी-जास्त करणारं साधन) तीन-चार डेसिबलचा रुंद कट, आणि बेसची ओळख 110 ते 220 हर्ट्झमध्ये शोधायची. सोलोमध्ये, म्हणजे एकच ट्रॅक एकटा ऐकताना, हे कळत नाही. दोन्ही एकत्र वाजत असतानाच नॉब फिरव.

सरसकट सगळीकडे हाय-पास (खालचा आवाज कापणारा फिल्टर) ठोकू नकोस. तीव्र उताराचा फिल्टर फेज, म्हणजे लहरींची वेळेतली जुळणी, फिरवतो आणि किकचा ठोका बोथट होऊ शकतो. लिनियर फेज (फेज न फिरवणारा ईक्यू) हा त्यावरचा रामबाण उपाय नाही, त्यात ठोक्याच्या आधीच पुसट घुमारा येतो.

मला खरं वेड आहे ते ईक्यू वाद्यासारखं वाजवण्याचं. सॉ वेव्हच्या (करवतीच्या दात्यांसारखी, हार्मॉनिक्सनी भरलेली लहर) लांब सुरावर अरुंद बेल (एकच पट्टा उचलणारा घंटेसारखा ईक्यू) लाव, क्यू (अरुंदपणा) 10, नऊ डेसिबल वर, आणि ऑटोमेशनने ती 300 पासून 3000 हर्ट्झपर्यंत हळूहळू सरकव. एकेक हार्मॉनिक (मूळ सुराच्या पटीतला वरचा सूर) पुढे येऊन गायला लागतो! 55 हर्ट्झच्या सुरात ते 330, 385, 440 असे चढत जातात. ईक्यूच्या नंतर डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट) जोड; उचललेला पट्टा आधी फाटतो आणि पोत सतत बदलत राहतो. फक्त आवाज जेवढा वाढला तेवढंच आउटपुट खाली घेऊन बायपासशी (इफेक्ट बंद ठेवून) ताडून बघ, कारण मोठा आवाज कानाला उगाचच चांगला वाटतो.