शिकवताना नाव कोणाचे घ्यावे, गुपित किती राखावे?

प्रश्न (एक शिक्षिका, खानापूर) : आमच्या मराठी शाळेत मी दर शनिवारी पाचवी ते आठवीच्या मुलांना हातचलाखीचे प्रयोग शिकवते. काही प्रयोग मामांकडून मिळाले, ते पूर्वी यात्रांमध्ये खेळ करीत. काही जुन्या पुस्तकांतले आहेत, तर काही मोबाइलवर पाहून घेतले आहेत. प्रत्येक प्रयोग कोणाचा, हे मुलांना सांगायलाच हवे का? शिवाय मुले घरी जाऊन सगळे फोडून सांगतात, त्याला काय करावे?

उत्तर : नाव सांगावेच, आणि ते रहस्य सांगण्याआधी सांगावे, कारण रहस्य एकदा कळले की मुलांचे हात चालू होतात आणि कान बंद होतात. आपल्या भागात ही गोष्ट पटवून देणे अवघड नाही. कुमार गंधर्वांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा; या पट्ट्यात गाणे ऐकणाऱ्या घरातल्या मुलांनी गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावणारा गवई कधी ना कधी पाहिलेला असतो. आपल्या वर्गात कानाला हात लावला नाही तरी चालेल, पण नाव मात्र उच्चारले गेले पाहिजे.

आता नाव कोणाचे, हा खरा गुंता आहे. वाट्या आणि गोळ्यांचा खेळ घ्या. पहिल्या शतकातल्या सेनेका या रोमन तत्त्ववेत्त्याच्या पत्रात त्याचा उल्लेख आहे, आपले गारुडी तो रस्त्यावर बसून करीत आले आहेत, आणि त्याचा कर्ता म्हणून कोणाकडे बोट दाखवता येत नाही. मात्र कोणती गोळी कोणत्या वाटीखालून केव्हा निघावी, शेवटी काय निघून प्रेक्षक चकित व्हावेत, ही रचना कोणाची तरी असते. डाय व्हर्नन (1894–1992) यांची रचना जगभरचे जादूगार आजही करतात; तीच शिकवायची आणि वर ‘पारंपरिक’ म्हणून मोकळे व्हायचे, हे बरोबर नाही. ‘पारंपरिक’ हा शब्द आपण पुष्कळदा शोध घेण्याचा कंटाळा झाकण्यासाठीच वापरतो. मामांनाही मूळ कर्ता ठाऊक नसेल, तर ‘मामांकडून, कर्ता अज्ञात’ एवढे प्रामाणिक वाक्य पुरे. मोबाइलवर दिसणारा माणूस हा बहुधा करून दाखवणारा असतो, तो प्रयोग त्यानेच रचला असेल असे नाही. ते दोघे वहीत वेगळे लिहावेत. त्या वहीत आणखी एक रकाना ठेवा : ‘मी काय बदलले’. आपण केलेला फेरफार, विशेषतः बिघडवलेला, मूळ माणसाच्या गळ्यात पडू नये यासाठी तो हवा.

हे शहाणपण मला उशिरा आले. तरुणपणी शहापुरात गणपतीच्या मांडवात मी दोरीचा एक प्रयोग ‘खास माझा’ म्हणून केला होता. ज्यांनी तो मला शिकवला ते गृहस्थ तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. नंतर भेटल्यावर ते फक्त एवढेच म्हणाले, “गाठ जरा सैल राहिली होती.”

गुपिताविषयी मुलांकडून शपथा घेऊ नयेत. शपथ दिलेले गुपित पोटात जास्तच वळवळते. माझा अनुभव असा, की मुलांचे गुपित चहाडीने फुटत नाही, कच्च्या सरावाने फुटते. नाणे उजव्या हातातून डाव्या मुठीत दिल्याचा भास करण्याचा अगदी प्राथमिक प्रयोग पाहा. मूल दुसऱ्याच दिवशी तो आईसमोर करते, त्याची नजर नको त्या हाताकडे वळते, आई नेमका तोच हात धरते, आणि ओशाळलेले मूल मग आपणहून सगळे सांगून टाकते. म्हणून आधी वीस वेळा नाणे खरोखरच डाव्या मुठीत द्यायला लावावे. त्या वेळी डोळे कुठे जातात, रिकामा झालेला हात किती सैल पडतो, हे त्याचे त्यालाच पाहू द्यावे, आणि मग खोटे देताना हुबेहूब तसेच करायला सांगावे. हा प्रयोग वर्गासमोर न पकडला जाता झाल्याशिवाय पुढचा शिकवायचा नाही. शिवाय ‘कसं केलंस?’ या प्रश्नाला द्यायचे एक हसरे उत्तर मराठीत आणि कन्नडमध्येही बसवून घ्यावे, कारण खानापुरात गल्ली ओलांडली की विचारणाऱ्याची भाषा बदलते.

पुस्तकांतून वर्षानुवर्षे छापलेले प्रयोग शिकवायला हरकत नाही. मामांचा एखादा ठेवणीतला प्रयोग असेल, तर तो मात्र त्यांना विचारूनच वर्गात न्यावा.

प्रश्न (एक तरुण, निपाणी) : मी मोठी किंमत मोजून एक जादूची पेटी विकत घेतली. तशीच दुसरी पेटी सुताराकडून करून द्यावी, असे मंडळातले मित्र म्हणतात. पेटी माझी आहे, मग अडचण कोणती?

उत्तर : पेटी आपली आहे, तिची कल्पना आपली नाही. कायद्याचा आधार येथे तोकडा पडतो, हे खरे. होरेस गोल्डिन यांनी बाईला करवतीने कापण्याच्या आपल्या प्रयोगाचे अमेरिकेत 1923 मध्ये पेटंट मिळवले. पण पेटंट म्हणजे रहस्य सरकारी दप्तरात उघड लिहून देणे. 1933 मध्ये एका सिगारेट कंपनीने ते जाहिरातीत छापले, गोल्डिन कोर्टात गेले आणि 1938 मध्ये हरले. आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात मूकनाट्यासारख्या, लिहून वा अन्य प्रकारे कायम केलेल्या सादरीकरणाला संरक्षण आहे. नुसत्या युक्तीला नाही. त्यामुळे सुताराला कोणी अडवणार नाही. तरीही मित्रांनी पेटी रचणाऱ्याकडून किंवा त्याच्या विक्रेत्याकडूनच घ्यावी, कारण या धंद्यात विकण्याजोगे असते ते रहस्यच, लाकूड नव्हे.

प्रश्न (एक कार्यकर्ता, बेळगाव) : आम्ही गावोगावी बुवाबाजीचे चमत्कार करून दाखवतो आणि त्यामागचे कारणही सांगतो. एका ज्येष्ठ जादूगारांनी ‘तुम्ही आमची विद्या उघडी पाडता’ म्हणून राग धरला आहे. चूक कोणाची?

उत्तर : आपल्या कामाची चूक नाही. 1584 मध्ये रेजिनाल्ड स्कॉट यांनी इंग्रजीत हातचलाखीची रहस्ये छापली, ती चेटकीण ठरवून निरपराधांचा छळ होऊ नये म्हणूनच. आपल्या राज्यात बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना एच. नरसिंहय्या यांनी 1976 मध्ये चमत्कारांच्या तपासणीसाठी समिती नेमली होती. जादूगार ‘मी तुम्हाला फसवतो आहे’ असे सांगून फसवतो, म्हणून त्याचे गुपित राखायचे. बुवा तसे सांगत नाही, म्हणून त्याच्या गुपिताला ते संरक्षण नाही. मात्र विभूती हातात कशी येते हे सांगता सांगता, टाळ्या मिळतात म्हणून पत्त्यांचे आणि दोरीचेही दोन प्रयोग फोडून टाकण्याचा मोह कार्यकर्त्यांना होतो, हे मी पाहिले आहे. त्या ज्येष्ठांचा राग बहुधा तिथला असावा. पुढच्या कार्यक्रमाआधी त्यांच्या घरी जा, काय काय उघड करणार त्याची यादी त्यांच्यापुढे ठेवा, आणि एखाद्या प्रयोगावर त्यांचे पोट चालत असेल तर तो यादीतून काढा.