वाचकांचे प्रश्न : वजनाचं ऑपरेशन, त्याआधी आणि त्यानंतर

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत. उत्तरं शस्त्रक्रिया पथकातले डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत. दोन शब्द पुन्हा पुन्हा येतील. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी वेगळी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात.

वजन 118 किलो, शुगरही आहे. ऑपरेशनची तारीख मिळाली, पण दोन आठवडे आधीपासून पोळी, भात, साखर बंद करायला सांगितलंय. वजन ऑपरेशननंच उतरणार, तर आधी उपाशी कशाला? आणि सकाळची मिश्री सोडायलाच पाहिजे का? (गेवराई)

ताई, हा आहार वजनासाठी कमी आणि लिव्हरसाठी जास्त आहे. लिव्हरचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. वजन जास्त असलं की त्यात चरबी साठते, तो फुगतो आणि ठिसूळ होतो. दुर्बिणीतून काम करताना सर्जनला तो उचलून धरावा लागतो. मोठा असेल तर जठराचा वरचा कोपरा दिसतच नाही, आणि उचलताना लिव्हर फाटून रक्त येऊ शकतं. दोन आठवडे धान्य आणि साखर तोडली की लिव्हरमधला साखरेचा साठा आणि त्याला धरून असलेलं पाणी निघून जातं, थोडी चरबीही उतरते.

दिवसाला साधारण 800 ते 1000 कॅलरी धरा. सकाळी दोन अंडी किंवा 50 ग्रॅम पनीर, दुपारी वाटीभर घट्ट वरण आणि दोन वाट्या पालेभाजी, मध्ये पातळ ताक, रात्री चिकन किंवा सोयाबीनच्या वड्यांची भाजी, असं काहीतरी. भगर, साबुदाणा, पोहे, सुशीला 'हलकं' म्हणून खाऊ नका. ते सगळं पिठूळच. हमखास घसरण होते ती शेवटच्या दोन-तीन दिवसांत. 'पुन्हा कुठं खायला मिळणार' म्हणून पाहुणे पुरणपोळीचा बेत करतात आणि रिकामा झालेला साठा पुन्हा भरतो.

शुगरच्या औषधांचं मात्र आजच विचारा. खाणं एवढं कमी झाल्यावर इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड पूर्वीच्याच डोसने घेतलं तर शुगर एकदम खाली जाते. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेली गोळी ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी थांबवावी लागते, नाहीतर शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठतं. आपल्या मनाने काही बंद करू नका, लिहून घ्या.

मिश्री सोडायची. ती भाजलेली तंबाखूच आहे. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, टाके भरून यायला वेळ लागतो, आणि बायपासच्या जोडावर अल्सर होतो. ऑपरेशनच्या निदान सहा आठवडे आधी ती सुटलेली हवी. तुमची सुटलेली नसेल तर सर्जनला खरं सांगा. तारीख पुढे गेली तरी बिघडत नाही.

मालकांचं स्लीव्ह झालंय, परवा घरी आणलं. प्रोटीन पावडरचा डबा परवडत नाही, आणि आम्ही माळकरी, अंडी-मटण घरात येत नाही. आपल्या स्वयंपाकातलं काय आणि किती द्यायचं? (औसा)

आधी आकडा लक्षात ठेवा. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात. ती कमी पडली तर वजन उतरतं, पण चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि माणूस जिना चढताना धापा टाकतो.

पहिले एक-दोन दिवस निवळ पातळ: पाणी, नारळपाणी, वरणावरचं गाळलेलं पाणी. औषधाच्या बाटलीवरचं मापाचं टोपण घ्या आणि 30 मिली दहा-पंधरा मिनिटांत घोट-घोट संपवायला द्या. पेल्याने देऊ नका, पेला हातात आला की सवयीने गटागट जातं. दोन आठवडे होईपर्यंत ताक, साय काढलेलं दूध, गाळलेलं वरण. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून फिरवलेलं गुळगुळीत: घट्ट वरण, दही, कुस्करलेलं पनीर, शिजवलेला दुधी. पाचव्या-सहाव्यात मऊ: पातळ पिठलं, मुगाची गुरगुट खिचडी, मुगाचं मऊ धिरडं. भाकरी साधारण दोन महिन्यांनी, ताजी आणि चतकोर. पोळी, पाव आणि चिकट भात यांचा आत गोळा होऊन अडकतो, त्यांना आणखी थांबवा. ठेचा आणि येसराची झणझणीत आमटी पहिले दोन महिने नको. तुमच्या सर्जनने दिलेला तक्ता याहून वेगळा असेल तर तोच पाळा.

आता हिशोब. म्हशीचं साय काढलेलं अर्धा लिटर दूध (दही किंवा ताक केलं तरी तेच) साधारण 18 ग्रॅम प्रथिनं देतं. त्यात 40 ग्रॅम साय-विरहित दूध पावडर मिसळली की आणखी 14. घरचं पनीर 100 ग्रॅम, 18. सोयाबीनच्या कोरड्या वड्या 30 ग्रॅम, 15. घट्ट वरणाची वाटी, 6. झाले 71, डब्याशिवाय. पण एवढं पोटात जायला दोन महिने लागतात. पहिल्या महिना-दीड महिन्यात पातळ खाण्यातून 60 गाठणं फार अवघड, म्हणून जमलं तर एक डबा तेवढ्यापुरता घ्या. खर्च करायचाच तर तिथे करा, पुढे नाही. दुधाने पोट फुगून गुरगुरत असेल तर दूध बंद करून दह्या-ताकावर या.

ताटात पनीर-वरण आधी, मग भाजी, भाकरी शेवटी. घास बोटाच्या पेराएवढा, पंचवीस वेळा चावून, जेवण अर्ध्या तासाचं. पोट भरल्याची खूण आता पोटात येईलच असं नाही. एकदम उचकी लागते, शिंक येते, नाकातून पाणी गळतं. त्या क्षणी हातातला घास खाली ठेवा. 'एवढाच राहिलाय, संपवून टाका' हे आपल्याकडचं वाक्य आता त्यांच्या ताटाशी नको, कारण तो एक घास उलटी होऊन बाहेर येतो.

काल्याबद्दल दोन शब्द. आमटीत भाकरी कुस्करणं सुरुवातीला सोयीचं. वर्षभरानंतर तोच काला वजन अडवतो, कारण पातळ झालेलं अन्न नळीतून भराभर उतरतं आणि पोट भरल्यासारखं वाटत नाही. म्हणूनच जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही.

जेवताना पाणी नाही, एका वेळी जास्त जात नाही, आणि इथं मे महिन्यात पारा 43 वर. पाणी प्यायचं कधी? (परभणी)

जेवणाच्या वेळा सोडून दर अर्ध्या तासाला 100 मिली, घोट-घोट. दिवसात अठरा वेळा झालं की 1.8 लिटर होतं, तेवढं बस. माठातलं चालेल. शेतात किंवा एसटीत असाल तर मोबाइलवर गजर लावा, तहानेवर विसंबू नका. रसवंतीचा रस आणि गोड लस्सी नको. घाम फार गेला तर ओआरएस. सोड्याने पोट फुगतं. लघवी पिवळीजर्द होणं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं ही पाणी कमी पडल्याची लक्षणं. बीपीची गोळी चालू असेल तर तेव्हा बीपी मोजून घ्या. वजन उतरताना जुना डोस जड होतो, आणि लघवी वाढवणारी गोळी उन्हाळ्यात जास्तच.

भावाचं बायपास होऊन दोन महिने झाले. पंधरा दिवसांपासून रोज उलट्या. गावात सलाईन लावतात, तरतरी येते, पुन्हा तेच. परवापासून चालताना झोक जातोय, एकाचे दोन दिसतात म्हणतो. (भोकर)

हे पत्र मिळालं त्याच दिवशी फोनवर सांगितलं, त्यांना आजच मोठ्या रुग्णालयात हलवा. इतरांसाठी कारण इथे देतो.

शरीरात बी-1 म्हणजे थायमिनचा साठा दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. सतत उलट्या झाल्या की तो संपतो. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं. साठा संपलेल्या माणसाला ग्लुकोजची बाटली लावली तर उरलंसुरलंही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होते: डोळे नीट फिरत नाहीत, दोन-दोन दिसतं, तोल जातो, बोलणं असंबद्ध होतं. उपचाराला उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून आधी शिरेतून थायमिन, ग्लुकोज मागाहून. अशक्तपणा आला की बाटली लावून घ्यायची आपल्याकडची सवय या रुग्णांना महागात पडते. यात गावच्या डॉक्टरांचा दोष धरू नका. ऑपरेशन झाल्याचं बऱ्याचदा त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

उलट्यांचं मूळही शोधायला हवं. दुसऱ्या महिन्याच्या आसपास काहींचा बायपासचा जोड आकसतो, आणि एंडोस्कोपीतून फुग्याने तो रुंद करता येतो. पाकिटात एक कार्ड ठेवा: कोणतं ऑपरेशन, तारीख, सर्जनचा फोन, 'ग्लुकोजआधी थायमिन', 'डायक्लोफिनॅक-आयब्युप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालेल', 'नाकातून नळी सर्जनला विचारल्याशिवाय घालू नये'. हे सगळं एका कार्डावर बसतं.

पहिल्या दोन आठवड्यांतल्या खुणा वेगळ्या. नाडी 120 च्या वर, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारं दुखणं, धाप लागणं म्हणजे टाक्यांतून गळती असू शकते. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं म्हणजे रक्ताची गाठ. दोन्हींत गावात थांबू नका. ऑपरेशन हैदराबादला किंवा पुण्याला करून घरी परतताना गाडी तासा-तासाला थांबवून पाच मिनिटं चाला.

लग्नात दोन गुलाबजाम खाल्ले. वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब. ईसीजी नॉर्मल आला. (जालना)

याला डंपिंग म्हणतात, बायपासनंतर जास्त दिसतं. पाक आतड्यात एकदम उतरतो, आतडं पाणी ओढून घेतं आणि रक्तदाब डळमळतो. आडवं पडा, तासाभरात ओसरतं. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो: साखर झटकन चढते, शरीर जास्त इन्सुलिन सोडतं, आणि शुगर पडून हात थरथरतात. त्यावर पुन्हा गोड खाल्लं तर चक्र सुरूच राहतं. शुगर खरंच पडली असेल तर थोडी साखर घ्यावी लागते, पण पाठोपाठ पनीर किंवा दही खा. जिलबी, इमरती, शिरा, गुळाचा चहा सगळे एकाच माळेचे मणी. पंगतीला बसण्यापेक्षा घरून थोडं खाऊन जा आणि आहेर देऊन निघा. वाढपी आग्रह करायलाच उभे असतात.

ऑपरेशनला चार महिने झाले, केस मुठी-मुठीने गळतात. (उदगीर)

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात आणि पुढे वर्षभरात परत येतात. वजन वेगाने उतरल्याचा तो धक्का. तेलं बदलू नका, प्रथिनांचा हिशोब तपासा. वर्षानंतरही गळत असतील तर लोह, झिंक आणि थायरॉइड तपासा.

सहा महिन्यांचे रिपोर्ट नॉर्मल आले. आता व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद करू का? (धाराशिव)

नाही. बी-12 चा लिव्हरमधला साठा काही वर्षंही पुरतो, म्हणून सहा महिन्यांचा रिपोर्ट चांगला दिसतो. पुढे तळपायाला मुंग्या येतात तेव्हा नसांना इजा सुरू झालेली असते. शाकाहारी घरात तर साठा मुळातच कमी. मल्टिव्हिटॅमिन, बी-12, डी आणि कॅल्शियम कायमचं; पाळी असलेल्या बायकांना लोह 45 ते 60 मिलिग्रॅम. कॅल्शियम सायट्रेट घ्या, कारण कार्बोनेट पचायला लागणारं आम्ल आता पोटात कमी आहे. दिवसाचं 1200 ते 1500 मिलिग्रॅम एकदम शोषलं जात नाही, तीन वेळा विभागून घ्या. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर हवं, आणि लोहाच्या आगेमागे तासभर चहा नको. आपल्याकडे गोळी चहाबरोबरच गिळतात, तिथेच लोह वाया जातं.

सुनेचं बायपास होऊन पाच महिने झाले. पाळी नियमित झाली. आता पाळणा हलायला हरकत नाही ना? (अंबड)

आजी, अजून थांबा. ऑपरेशननंतर 12 ते 18 महिने वजन उतरत असतं. त्या काळात बाळाला द्यायला तिच्याजवळच पुरेसं नसतं. पाळी सुरळीत झाली म्हणजे दिवस पटकन राहू शकतात, म्हणून साधन हवंच. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीचा भरवसा नाही, तांबी बरी. पुढे दिवस राहिल्यावर ग्लुकोजचं पाणी पिऊन शुगर तपासायला सांगतात. बायपासवाल्यांनी ते पिऊ नये, डंपिंग होतं. त्याऐवजी आठवडाभर घरी ग्लुकोमीटरवर शुगर मोजून डॉक्टरांना दाखवावी. घाई नातवाची असो की नातीची, सुनेला टोमणा नको.

नवरात्राचे नऊ दिवस धरते, तुळजापूरला पायी जाते. ऑपरेशनला पाच महिने झालेत. (तुळजापूर रस्त्यावरच्या गावातून)

पहिलं वर्ष उपवास नको, निर्जळी तर कधीच नको. वर्ष उलटल्यावर धरलाच तर दही, पनीर, राजगिऱ्याची लापशी आणि थोडे भाजलेले दाणे यांवर. साबुदाण्याच्या खिचडीचा चिकट गोळा होऊन अडकतो आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य, ती वगळा. पायी जाताना पिशवीत ओआरएस, मापाचं टोपण आणि दिवसभराच्या गोळ्या ठेवा. उपवास असला तरी गोळ्या वेळेवर घ्यायच्या.