न धडकणारा डिफेन्समन: लिडस्ट्रमकडे बघताना काय बघायचं

तुमचा मुलगा 13 वर्षांचा आहे, आइस हॉकीत डिफेन्सला म्हणजे बचावाला खेळतो, यंदा त्याच्या वयोगटात बॉडी चेकिंग (समोरच्याला अंगानं धडक देणं) सुरू झालं आणि कोच म्हणतात की तो धडकायला कचरतो. असा मुलगा पुढे जाईल का आणि त्यानं कुणाचा खेळ बघावा, हे तुम्ही विचारलंय. आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, कारण त्यातच पहिल्याचं बरंचसं उत्तर येईल. डेट्रॉइटचा स्वीडिश डिफेन्समन निकलस लिडस्ट्रम याचा खेळ दाखवा.

मी 1999 साली नोकरीसाठी मिशिगनला आलो. डेट्रॉइटच्या जो लुईस अरीनात आम्ही अगदी वरच्या रांगांत बसायचो, तिथलीच तिकिटं परवडायची. सुरुवातीला माझी नजर सतत पकच्या, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीच्या, मागे धावायची. एका सहकाऱ्यानं सांगितलं, आज पक सोड, फक्त 5 नंबरकडे, म्हणजे लिडस्ट्रमकडे बघ. त्या संध्याकाळी मला हा खेळ पहिल्यांदा कळला. समोरचा फॉरवर्ड पक घेऊन सुसाट यायचा, लिडस्ट्रम उलटा स्केटिंग करत दोघांमधलं अंतर कायम ठेवायचा. स्टिक बर्फावर, नेमकी पासच्या वाटेत. हळूहळू तो फॉरवर्ड बोर्डच्या (मैदानाभोवतीच्या कठड्याच्या) कडेला ढकलला जायचा, हात न लावता. मग स्टिकचा एक हलका टोला, आणि पक याच्याकडे. कबड्डीतला मुरलेला कोपरारक्षक चढाईपटूला झेप न घेता कोपऱ्यात अडकवतो, अगदी तसं.

स्वीडनच्या या मुलाला डेट्रॉइटनं 1989 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, तिसऱ्या फेरीत घेतलं, 53 व्या क्रमांकावर. तो लगेच अमेरिकेत आला नाही. आणखी दोन वर्षं स्वीडनमधल्या वेस्टेरोस क्लबकडून मोठ्यांच्या संघात खेळून 1991 मध्ये आला आणि पहिल्याच मोसमात 60 गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) केले. पण सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी मिळायला 2001 साल उजाडलं, तोवर तो 31 वर्षांचा झाला होता. त्याआधी सलग तीन वर्षं तो दुसरा आला होता. पुढे ही ट्रॉफी त्याला एकूण सात वेळा मिळाली, शेवटची 41 व्या वर्षी. हे मुद्दाम सांगतोय, कारण डिफेन्समन उशिरा पिकतो. फॉरवर्डचा वेग आणि हात विशीतच दिसतात. डिफेन्समनला समोरचा काय करणार हे आधी ओळखावं लागतं, आणि ते हजारो वेळा बघितल्याशिवाय येत नाही. तेराव्या वर्षी कुणाच्या मुलाबद्दल निकाल देऊ नये, स्वतःच्या तर नाहीच.

धडकण्याबद्दल 1997 ची स्टॅनले कपची, म्हणजे लीगच्या विजेतेपदाची, फायनल बघा. फिलाडेल्फियाची तीन फॉरवर्डची पहिली फळी म्हणजे अक्षरशः भिंत, मधोमध सहा फूट चार इंचांचा एरिक लिंड्रॉस. सगळ्यांना वाटलं, त्याच्यासमोर डेट्रॉइट आपला सर्वांत कडक धडका देणारा व्लादिमिर कॉन्स्टँटिनोव्ह उभा करणार. कोच स्कॉटी बोमन यांनी लिडस्ट्रम आणि लॅरी मर्फी ही जोडी पाठवली. दोघंही मारझोड करणारे नव्हेत. पण त्या फळीला ताकद वापरायला पक हातात तर हवा! हे दोघं तो पहिल्याच पासला बाहेर काढून द्यायचे. लिंड्रॉसला अख्ख्या फायनलमध्ये एकच गोल करता आला, तोही चौथ्या सामन्याच्या शेवटच्या पंधरा सेकंदांत. डेट्रॉइटनं चारही सामने जिंकून 4-0 नं फायनल जिंकली, 42 वर्षांनी कप घरी आला.

पण म्हणून तुमच्या मुलाचे कोच चूक आहेत असं मी म्हणणार नाही. कॉन्स्टँटिनोव्हही त्याच 1989 च्या ड्राफ्टमधला, आणि 1997 च्या त्या मोसमात नॉरिसच्या मतदानात दुसरा आलेला. धडक हे खरं कौशल्य आहे. फायनलनंतर सहाच दिवसांनी गाडीच्या अपघातानं कॉन्स्टँटिनोव्हची कारकीर्द संपली, ते आठवलं की अजून वाईट वाटतं. लिडस्ट्रमही अंगाला अंग लावायला घाबरत नव्हता, फक्त त्याला त्याची गरज क्वचित पडायची. मुलगा भीतीनं मागे राहतोय की अंतर राखून खेळतोय, हे तुम्ही आणि कोचनी मिळून नीट बघा. भीती असेल तर आधी धडक घ्यायला शिकवा: गुडघे वाकलेले, बोर्डपासून दोन पावलं दूर न थांबता अगदी चिकटून, मान वर. कोपऱ्यातला पक आणायला जाताना खांद्यावरून मागे एक नजर टाकायची सवय लावा. निम्म्या दुखापती या एका नजरेनं टळतात, असं माझ्या मुलीच्या दहा वर्षांच्या खेळानंतर माझं मत झालंय.

लिडस्ट्रम 20 मोसम एकाच संघाकडून खेळला. 1564 सामने, 1142 गुण, चार स्टॅनले कप. 2006 च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये फिनलंडविरुद्ध स्वीडनला सुवर्ण देणारा गोलही त्याचाच, तिसरा पिरियड सुरू होऊन दहा सेकंद होतात न होतात तोच. मला मात्र सर्वांत जास्त थक्क करतो तो पेनल्टीचा, म्हणजे नियम मोडल्याबद्दल बाहेर बसण्याचा, आकडा: अख्ख्या कारकिर्दीत 514 मिनिटं. म्हणजे साधारण सहा सामन्यांत एकदा दोन मिनिटं बाहेर. दर रात्री लीगमधल्या सर्वोत्तम फॉरवर्डसमोर पंचवीस-पंचवीस मिनिटं बर्फावर राहणारा माणूस हा. उशीर झाला की माणूस स्टिक अडकवतो, जर्सी ओढतो. याला उशीरच होत नसे. 2012 च्या मे महिन्यात निवृत्त होताना त्यानं सांगितलं की पुढच्या मोसमाच्या तयारीसाठी लागणारी ओढ आता पूर्वीसारखी उरली नाही.

मुलाला गोलांच्या चित्रफिती दाखवू नका, त्यांत लिडस्ट्रम सापडणार नाही. 1997 च्या फायनलचा एखादा पूर्ण सामना लावा, पहिला पिरियड आवाज बंद करून फक्त 5 नंबर बघायला सांगा. त्याची स्टिक बर्फावरून किती वेळा उचलली जाते, ते मोजू दे. आकडा काय आला ते इथे जरूर लिहा.